हेदकोंडचं गिऱ्हाईक

३ मार्च २०२५, सोमवार

कळशीवर नऊ हजारांची बोली! साधी पितळेची कळशी, काठ एका बाजूनं दबलेला. जुन्या भांड्यांच्या साइटवर बाराशेपासून लिलाव लावला होता, दोन हजार आले असते तरी मी खूश होते. मुंबई-पुण्याची नेहमीची गिऱ्हाइकं अडीचपर्यंत चढली. मग हा कोण तो उगवला आणि एकदम नऊ हजार टाकून मोकळा. पैसेही लगेच जमा.

आणि नावाखाली ती पिवळी ओळ – ‘पत्ता पडताळलेला नाही’.

बघूनच डोकं सणकलं. ही ओळ मी ओळखून आहे. मागे एकाला समई पाठवली, त्याच्याही नावाखाली हेच होतं. मेल्यानं समई घेतली आणि साइटला कळवलं, मिळालीच नाही. पत्ता पडताळलेला नव्हता म्हणून साइटनं माझी बाजू ऐकूनच घेतली नाही. पैसे त्याला परत. वर तक्रारीच्या कागदात माझं नाव, गल्ली, फोन सगळं त्याच्या हातात. पुढे रोज फोन करून घाण बोलायचा. ‘ये महाडला, तीच समई घशात घालते’ म्हटल्यावर थांबला.

तेव्हापासून माझा नियम. पिवळी ओळ दिसली की वस्तू हलवायची नाही. आधी माणूस कोण, घर कुठलं ते कळलं पाहिजे. नाहीतर पैसे परत.

या वेळचं नाव सदू. पत्ता – मु. हेदकोंड, ता. पोलादपूर.

पोलादपूर वाचलं आणि उठून दाराला कडी घातली. कळशी रेश्माची आहे, आणि तिचं सासर पोलादपूरकडचंच.


४ मार्च

रेश्माला काही सांगितलं नाही. सांगणारही नाही. आत्ता कुठे ती रात्रीची सलग झोपायला लागली आहे.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी एसटी स्टँडवर पार्सल टाकायला गेले होते. बाकावर एक पोरगी बसलेली, मांडीवर कळशी, कानाची पाळी फाटून रक्त पदरावर वाळलेलं. पाण्याला म्हणून घरातून निघाली होती. विहिरीवर न थांबता रस्त्यावर आली, एसटीला हात केला, बसली. अंगावरचं लुगडं आणि कळशी, बस्स. कंडक्टरनं तिकिटाचे पैसेसुद्धा मागितले नाहीत म्हणाली.

नवरा ओंकार, जेसीबी चालवतो. गाडीच्या साखळीनं मारतो. पाठीवर कड्या उमटल्यात, मी स्वतः तेल लावलंय. बाप महिपती – तीनदा पळून माहेरी गेली, तिन्ही वेळा बापानं परत नेऊन सोडली. ‘नांदायचं असतं’ म्हणाला. त्या बापाला मी एकदा भेटणार आहे. बोलायला नाही.

पोलिसात जाऊ म्हटलं तर माझे पाय धरले. ‘ताई, त्यास्नी नुसतं कळू नको मी कुठं हाय ते. बाकी मला काय बी नको.’

एवढंच मागितलं तिनं. म्हणून साइटवरून माझं नाव काढलं, गाव काढलं, नुसतं ‘पितळवाली’ ठेवलं. शेजाऱ्यांना सांगितलं, मावशीची मुलगी आहे, नात्याची.


५ मार्च

माझंच थोबाड फोडावंसं वाटतंय.

आज लिलावातले फोटो पुन्हा काढून बघितले. चौथ्या फोटोत कळशीच्या खांद्यावर घातलेलं नाव. ‘चि. सौ. कां. रेश्मा हिस मामाकडून सप्रेम भेट’, खाली लग्नाची तारीख आणि गाव. ठळक. मीच लिंबू लावून घासून, उन्हात धरून काढलाय. शहरातल्या लोकांना नाव घातलेली भांडी आवडतात. शोकेसमध्ये ठेवून पाहुण्यांना सांगतात, बघा, जुनं. मीही शंभर भांड्यांची नावं अशीच टिपली असतील, ही शंभरात एक झाली. माणूस जिवंत आहे, मागच्या खोलीत चिंच कोळतंय, हे डोक्यातच आलं नाही.

रेश्मा म्हणाली होती, ‘ताई, विकून टाका, ती समोर असली की विहीर दिसते.’ येतील त्या पैशात तिला मोबाइल घ्यायचा होता.

म्हणजे ओंकारनं बघितलीय. दुसरं कोण देणार काठ दबलेल्या कळशीला नऊ हजार? कळशी नकोय त्याला. पार्सलवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिजे.


६ मार्च

विपुलला फोन केला. माझा मावसभाऊ, पोलादपूरला ग्रामपंचायतीत कारकून आहे, त्या बाजूचं घर न् घर त्याला माहीत. म्हटलं, हेदकोंडमध्ये सदू नावाचा कोण आहे बघ.

तो म्हणाला, ‘अगं, हेदकोंड नाही आता. एकवीस सालच्या पावसात दरड आली ना, वाडी आख्खी खाली गेली. उरलेली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये होती, मग मुंबईला गेली. सदू होता एक. तो घरासकट गेला.’

मेलेल्या वाडीतला मेलेला माणूस बोली लावतोय.


७ मार्च

पैसे ज्या खात्यातून आले ते सदूचं नाहीच. नीट बघितलं तर ‘भरत मोबाइल अँड झेरॉक्स, पोलादपूर’. दुकान. आपल्याकडे हे चालतंच – ज्याचं खातं नाही, फोन नाही, तो दुकानात रोख देतो, दुकानदार आपल्या फोनवरून पैसे मारतो, वीस-तीस रुपये घेतो. अर्धा तालुका असाच चालतो.

नंबर काढून त्या भरतला लावला. म्हटलं, नऊ हजार कुणी दिले तुला? म्हणे, ‘बाय, दिवसाला पन्नास माणसं येतात, कोणचे नऊ हजार?’ माझं डोकं गेलं. म्हटलं, गिऱ्हाइकाच्या नावाची खात्री न करता पैसे मारतोस, दुकान चालवतोस की चोरबाजार? पोलिसात देईन, दुकानाचं शटर तुझ्याच डोक्यात घालीन. अजूनही पुष्कळ बोलले. त्यानं फोन ठेवला. परत लावला तर उचलत नाही.

त्याची लायकीच तेवढी. उद्या जाऊन कॉलर धरावी असं मनात आलं, पण तिथे मला कुणी ओळखू नये, ओंकारचं गाव चार मैलांवर.


९ मार्च

त्या सदूचा साइटवर निरोप आला. पहिलाच.

‘पार्सल पाठवू नका. पैसे तुम्हीच ठेवा.’

दहा वेळा वाचलं. पैसे देऊन वस्तू नको म्हणणारा माणूस मी बारा वर्षांत बघितला नाही. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पार्सल नको, म्हणजे पार्सल गेलं नाही अशी तक्रार करता येते. तक्रार झाली की साइट माझं नाव-पत्ता काढून देते. समईवाल्यानं केलं तेच. मी पैसे ठेवून बसले की सापडले!

हुशार आहेस रे ओंकार. जेसीबीवाल्याला एवढी अक्कल असेल असं वाटलं नव्हतं. समोर आलास तर तीच अक्कल डोकं फोडून बाहेर काढते की नाही बघ.


१० मार्च

पोचे काढायची लाकडी मोगरी दाराच्या मागे उभी करून ठेवली. हातात घेऊन बघितली. उजव्या हातात बसते. पहिला घाव कोपरावर घालायचा, हात निकामी झाला की अर्धं काम झालं. मग गुडघा. डोक्यावर शेवटी.

रेश्मानं बघितलं. ‘ताई, कोणाला मारायचं हाय?’ म्हटलं, उंदीर झालेत. ती हसली नाही.


११ मार्च

केले पैसे परत. सगळे, साइटचं कमिशन माझ्या पदरचं. ‘पत्ता पडताळता न आल्यानं विक्री रद्द’ असं कारण निवडलं आणि बटण दाबलं. आता तक्रारीला जागाच नाही. नियमानं वागलं की असं हलकं वाटतं. फोटोही काढून टाकले. कळशी पोटमाळ्यावर.

संध्याकाळी रेश्माला घेऊन बाजारात गेले. तोंडाला ओढणी बांधून का होईना, बाहेर आली. कलिंगड घेतलं. वजन करणाऱ्याशी तिनं घासाघीस केली, माझ्यापेक्षा भारी.


१४ मार्च

काल होळी. गल्लीतली पोरं बोंबा मारत होती, तर रेश्मा कान झाकून स्वयंपाकघरात बसलेली. शिमग्याला ओंकार चार-चार दिवस पिऊन असायचा. मागच्या वर्षी जळत्या होळीतलं लाकूड काढून तिच्या मागे धावला होता. तेव्हा सासू मध्ये पडली का, विचारलं. ‘आत्या काय करणार, ताई. तिलाबी मारतो.’ सासूला ती आत्या म्हणते.

मी म्हटलं, मध्ये पडायचं नसेल तर आई कशाला म्हणवून घ्यायचं. असल्या सासवा मला चांगल्या ठाऊक आहेत. डोळ्यांसमोर सुनेची कातडी निघते आणि या चुलीपुढे बसून भाकऱ्या थापतात.


१६ मार्च

साइट शांत. एक घंगाळ पुण्याला गेलं. गिऱ्हाईक जुनं, पत्ता पक्का.


१९ मार्च

काल लिहिता आलं नाही. डावं मनगट मोडलंय, प्लास्टर आहे. उजवा शाबूत. 

काल सकाळी तो आला. ओंकार. कधी बघितला नव्हता पण दारात उभा राहिला तेव्हा ओळखला. डोळे तांबडे, शर्टाला गुलाल, तोंडाला हातभट्टीचा वास. मी जमिनीवर बसून परात ठोकत होते. त्यानं खिशातून नोटांचं पुडकं काढलं आणि माझ्या तोंडावर फेकलं. ‘पैसे परत करतेस? घे! घे तुझे पैसे! माझी बायको दे!’

मी उठेपर्यंत तो आतल्या खोलीत. रेश्माचा आवाजच आला नाही, भांडी पडल्याचा आला. गेले तर त्यानं तिला केसाला धरून मोरीत पाडलेलं, गुडघा तिच्या छातीवर, आणि कमरेचा पट्टा गळ्याभोवती. तिचा चेहरा निळा पडत चाललेला. मी मोगरी त्याच्या कोपरावर घातली. जशी ठरवली होती तशी. हाड वाजलं. मला बरं वाटलं. खरंच लिहिते, फार बरं वाटलं. दुसरी घातली पाठीत. तिसरीला तो वळला आणि कोपऱ्यातली पितळी समई उचलून माझ्या हातावर मारली. मनगट तिथेच लोंबलं. मग डोक्यावर उचलली. मी त्याच्या मांडीला चावले. तोंडात रक्त आलं, त्याचं की माझं कुणास ठाऊक. सोडलं नाही.

आणि मग रेश्मा उठली. रेश्मा! जी उंदीर म्हटलं तरी दचकते. विकायला ठेवलेल्या खलबत्त्यातला बत्ता तिनं दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्या गुडघ्यावर मारला. तो बसला. परत मारला. तो ओरडायला लागला तरी मारत होती. गल्लीतला चंदू कंपनीत पहिल्या पाळीला न जाता घरी होता म्हणून बरं, तो धावत आला, त्यानं तिला मागून कवेत धरून लांब केलं. नाहीतर तिनं मारूनच टाकला असता. मी तिला थांबवलं नसतं.

सुंभानं बांधून ओट्यावर बसवला पोलीस येईपर्यंत. बायका थुंकून गेल्या त्याच्यावर. मीही.

आता रेश्मानं फिर्याद दिली. न थांबता, सगळी, साखळीपासून पट्ट्यापर्यंत. खाली सही केली. फौजदार म्हणाले, आत टाकतोय, पण पंधरा-वीस दिवसांत जामिनावर सुटेल, तोवर हिची दुसरीकडे सोय बघा.


२० मार्च

चवदार तळ्यावर दरवर्षीसारखी गर्दी, एसट्या भरभरून लोक आलेत. एका हातानं पाणी वाटलं. ओळखीचे विचारत होते हाताला काय झालं. म्हटलं, गिऱ्हाईक आलं होतं.

खोटं कशाला बोलू, अंगात वारं भरलंय. मी ओळखलं होतं! नाव खोटं, पत्ता खोटा, पैसे तिसऱ्याच्या खात्यातून – तिथेच मी ओळखलं. मी पार्सल पाठवलं असतं तर गुपचूप मागून येऊन त्यानं तिचा गळा दाबला असता. तरीपण शोधत आलाच, ती गोष्ट वेगळी. बाजारात विचारत विचारत आला असेल.

एकच घोर – तो सुटून येईल. पुण्याला माझी मैत्रीण शर्मिला आहे, तिच्याकडे रेश्माला पाठवायचं चाललंय. पण पुण्यालाही शोधत जाईल. असला माणूस मरेपर्यंत शोधतो.


२१ मार्च

आज रेश्माला सगळं सांगितलं. आता लपवायचं काय राहिलं? चहा पिताना, जरा ऐटीतच. नऊ हजारांची बोली, पिवळी ओळ, तो निरोप, मी पैसे कसे परत मारले. ती ऐकत होती. मी म्हटलं, पत्ता तरी कसला दिला बघ तुझ्या नवऱ्यानं, हेदकोंड, जिथे आता कुत्रंसुद्धा राहत नाही. आणि नाव सदू.

तिनं कप खाली ठेवला.

‘ताई, हेदकोंड आत्याचं म्हायेर हाय. सदू तिचा भाव. दरडीत गेला तो.’

मग हळूच म्हणाली, ‘मला विचारायचं होतंत.’

माझ्या फोनवरून तिनं सेजलला लावला. सेजल म्हणजे ओंकारची बहीण, पोलादपुरातच दिलेली. पलीकडे नुसतं रडणं. फोन मी घेतला, स्पीकर लावला. सेजलनं सांगितलं ते तसंच लिहिते.

कळशीचा फोटो तिला मोबाइलवर दिसला. वहिनीचं नाव वाचलं. आईला, म्हणजे तुळजाबाईंना, दाखवलं. म्हातारीनं दोन्ही शेळ्या विकल्या. म्हणाली, पोरगी जिथं असंल तिथं उपाशी असंल, म्हणून लग्नाची कळशी विकायला काढलीन. तिला पैसे पोचू देत. स्वतःचं नाव घालायची भीती, म्हणून मेलेल्या भावाचं घातलं. पत्ता मुद्दाम हेदकोंडचा, कारण तिथे पार्सल कुणी आणूच शकत नाही, घरी काही येता कामा नये. सेजलनं निरोप टाकला, पार्सल नको, पैसे ठेवा. वहिनीचं नाव लिहायला धजली नाही, विकणारी बाई कशी असेल कुणास ठाऊक. रोख पैसे म्हातारी स्वतः भरतच्या दुकानात देऊन आली.

मी परत मारले ते भरतच्या फोनवर आले. बँकेच्या मेसेजात माझं खरं नाव आणि महाड शाखा, दोन्ही. शिमग्याचं दुकान बंद होतं. सतराला उघडलं, ओंकार समोरून चालला होता. भरतनं हाक मारली, तो मेसेज दाखवला आणि नऊ हजार त्याच्या हातात दिले. ‘तुझ्या आयेनं कळशीला मारलेले, परत आले बघ.’ घरातल्या बाईचे पैसे घरातल्या पुरुषाकडे द्यायचे. त्यात काही वावगं केलं असं त्याला अजूनही वाटत नाही.

त्या रात्री ओंकारनं आईला जेसीबीच्या पान्यानं मारलं. सेजल दुसऱ्या दिवशी गेली तेव्हा ती चुलीपुढे पडलेली. आता इथेच आहे, महाडच्या दवाखान्यात. माझ्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ.

भरतशी मी नीट बोलले असते तर तो म्हणाला असता, एक म्हातारी आली होती.


२२ मार्च

गेलो. रेश्मा पायाशी बसली, पाय सोडले नाहीत. तुळजाबाईंचा जबडा बांधलेला, एक डोळा मिटलेला, कपाळ टाके घालून शिवलेलं. एवढीशी बाई. माझ्याकडे बघत राहिल्या. सेजल म्हणाली, आये, ह्या त्या भांडीवाल्या ताई, वहिनी ह्यांच्याकडंच होती.

मी वाट बघत होते, थुंकतील म्हणून. थुंकल्या असत्या तर बरं झालं असतं.

हातानं जवळ बोलावलं. कान तोंडाशी नेला. बांधलेल्या जबड्यातून शब्द फुटत नव्हते, दोनदा विचारलं तेव्हा कळलं.

‘पोरीला पैसं पावलं का?’

रेश्मानं मान वर केली. मी म्हटलं, पावले, मावशी. सगळे पावले.


२३ मार्च

तुळजाबाई पहाटे गेल्या.

दुपारी फौजदारांचा फोन. आता खुनाचं कलम, जामीन विसरा, पोरीला कुठे पाठवायची गरज नाही.

म्हणजे रेश्मा सुटली.